‘नॉर्मल होईल ना?’ एवढंच विचारून उठू नकोस

प्रिय मावशी,
मी ३१ वर्षांची आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, नोकरी ऐरोलीला. पहिलंच बाळंतपण आहे, तिसावा आठवडा चालू आहे. मला मनापासून नैसर्गिक प्रसूती हवी आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू आहे आणि मानेभोवती नाळेचा एक वेढा आहे असं आलं. डॉक्टर म्हणाल्या, “बघू पुढे.” सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे सीझर ठरलंच, मग गुरुजींना विचारून चांगला दिवस तरी काढू.” आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरी, चिपळूणला ये. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, हॉस्पिटलात गेलीस की कापणारच. ती स्वतः घरी, पाण्यात प्रसूती करायचा विचार करतेय आणि मला रोज व्हिडिओ पाठवते. डॉक्टर चांगल्या आहेत, पण बाहेर बायकांची रांग असते. मी दर वेळी एवढंच विचारते, “नॉर्मल होईल ना?” त्या म्हणतात, “हो, प्रयत्न करू.” जास्त विचारलं तर त्यांना राग येईल का? आणि बाळंतपणात आत सोबत नवरा हवा की आई, तेही ठरत नाही.
– गोंधळलेली, ठाणे

बाई गं, आधी सोनोग्राफीचा तो कागद फाइलमध्ये ठेवून दे, कारण त्यावरून अजून काहीच ठरलेलं नाही. डॉक्टर “बघू पुढे” म्हणाल्या ते तुला टाळायला नव्हे. ते खरोखर पुढे बघण्यासारखंच आहे.

अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास चार-पाच बाळांमधलं एक बाळ डोकं वर करून बसलेलं असतं. आत जागा असते, ते फिरत असतं. दिवस भरत येतात तशी बहुतेक बाळं आपणहून डोकं खाली घेतात आणि नऊ महिने पूर्ण होताना शंभरातली तीन-चारच पायाळू राहतात. तेव्हा आत्ता हा विषय मनातून काढ आणि छत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा बघा. तेव्हाही पायाळूच असेल तर विचार, “पोटावरून हाताने बाळ फिरवता येईल का? तुम्ही करता, की करणाऱ्या कुणाकडे पाठवाल?” सोनोग्राफी लावून, बाळाचे ठोके बघत, ऑपरेशन थिएटर हाताशी ठेवून हे करतात. सगळ्या हॉस्पिटलांत करत नाहीत आणि सगळ्याच बायकांना ते चालत नाही, पण साधारण निम्म्या वेळा बाळ फिरतं, पहिलटकरणीत थोडं कमी. मालिशवाल्या बाईकडून मात्र पोट चोळून घेऊन बाळ फिरवायला जाऊ नकोस. वार, म्हणजे पिशवीला चिकटलेला, नाळ जिला जोडलेली असते तो भाग, सुटू शकते, आणि ती सुटली तर हातात मिनिटं उरतात. प्रयत्न करूनही नाही फिरलं, तर पहिल्या खेपेला पायाळू बाळासाठी बहुतेक डॉक्टर सीझर सुचवतील. तुझ्या जागी माझी मुलगी असती तर मीही तिला तेच करायला सांगितलं असतं.

नाळेचा वेढा म्हटलं की डोळ्यांपुढे फास येतो. मी ठाण्यातल्या एका प्रसूतिगृहात २८ वर्षं सिस्टर होते. बाळाचं डोकं बाहेर आलं की डॉक्टर बोट घालून मानेवरून नाळ अलगद सोडवतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. जन्मताना साधारण चारातल्या एका बाळाच्या मानेभोवती नाळ असते. पोटातलं बाळ नाकातोंडाने श्वास घेतच नाही, त्याला प्राणवायू नाळेतल्या रक्तातून मिळतो, आणि त्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा मऊ थर असतो. सैल वेढ्याने त्या सहसा दबत नाहीत. दबल्या तर ते बाळाच्या ठोक्यांत दिसतं, म्हणून कळांच्या वेळी ठोके पुन्हा पुन्हा ऐकायचे. नुसता वेढा हे सीझरचं कारण होत नाही. तसं कुणी सांगितलंच तर विचार, “वेढ्याशिवाय आणखी काही आहे का? ठोके कसे आहेत?”

आता तुझा प्रश्न. “नॉर्मल होईल ना?” याला प्रामाणिक डॉक्टर “नक्की होईल” म्हणूच शकत नाही, आणि तिसाव्या आठवड्याला “नाही” असंही कुणी म्हणणार नाही. मग “प्रयत्न करू” एवढंच उत्तर उरतं. ते ऐकून तू घरी येतेस, तुझ्या हाती काही लागलेलं नसतं, आणि मैत्रिणीचा पुढचा व्हिडिओ येतो. प्रसूती कशी होईल हे तुझ्या हातात नाही, डॉक्टरांच्याही पूर्ण हातात नाही. कुठे होईल, आजूबाजूला कोण असेल, तिथली रोजची पद्धत काय आहे आणि निर्णय घेताना तुला विचारलं जाईल का, हे बरंचसं तुझ्या हातात आहे. म्हणून त्याबद्दल विचार.

राग येईल का, म्हणतेस. काहींना येतो, खोटं कशाला सांगू. पण बहुतेकांना राग प्रश्नाचा येत नाही, वेळेचा येतो. रांग बाहेर असताना कुणी मोबाइल काढून वीस गोष्टी वाचायला लागलं की कपाळाला आठी पडतेच. फोन करून सांग, “मॅडम, प्रसूतीबद्दल बोलायचंय, पंधरा मिनिटं हवीत, कुठल्या वेळी येऊ?” शेवटचा नंबर घेऊन जा, वेगळी फी पडली तर दे. आणि एवढं करूनही प्रत्येक प्रश्नावर “ते आमच्यावर सोडा” एवढंच ऐकू आलं, तर तुझ्या हातात अजून दहा आठवडे आहेत. बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टर बदलता येतात. त्यात कुणाचा विश्वासघात होत नाही.

काय विचारशील? पहिल्या खेपेच्या, दिवस भरलेल्या, डोकं खाली असलेल्या बायकांपैकी तुमच्याकडे साधारण किती जणींचं सीझर होतं. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर हॉस्पिटलात कोण असतं, आणि तुम्ही स्वतः किती वेळात पोचता. भूलतज्ज्ञ कुठून येतात. रक्त लागलं तर कुठून आणतात. बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथेच सोय आहे की दुसरीकडे न्यावं लागतं. कळा चालू असताना मला फिरू देतात का, पाणी, सरबत, हलकं खाणं चालतं का. सगळ्यांनाच चीर देऊन टाके घालता की गरज पडली तरच. आत सोबत कुणाला येऊ देता. हे कागदावर लिहून ने. उत्तरांपेक्षा उत्तर देतानाचा चेहरा तुला जास्त सांगेल. सीझरचा आकडा लगेच सांगणाऱ्या डॉक्टर मला आवडतात, तो आकडा मोठा असला तरी.

मैत्रीण म्हणते त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सीझरचं प्रमाण २१.५ टक्के निघालं. सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४. आपल्या महाराष्ट्रात सगळं मिळून २५.४. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की एखाद्या समाजात सीझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर आया आणि बाळं दगावण्याचं प्रमाण आणखी कमी होताना दिसत नाही. त्याच निवेदनात असंही आहे की अमुक एक आकडा गाठायच्या मागे लागण्यापेक्षा जिला गरज आहे तिला सीझर मिळालं पाहिजे. लोक पहिलं वाक्य पुढे पाठवतात आणि दुसरं गाळतात.

खासगीत प्रमाण इतकं का, याची कारणं मी जवळून पाहिली आहेत. पैसा हे एक कारण आहे, पण लोकांना वाटतं तसं तेवढं एकच नाही. एका डॉक्टरच्या जोरावर चालणारं नर्सिंग होम डोळ्यांपुढे आण. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, आणि रात्री पहिलटकरणीच्या कळा, ज्या अठरा तासही चालू शकतात. त्यात बाहेर दहा नातेवाईक दर तासाला विचारतायत, “अजून का नाही, सीझर करून टाका ना.” काही वाईट झालं तर तोडफोड होईल ही भीती आहेच. थकलेल्या आणि घाबरलेल्या माणसाला सीझर सुरक्षित वाटतं. म्हणून आळीपाळीने ड्युटी करणारे तीन-चार डॉक्टर जिथे आहेत आणि रात्री जागी असलेली अनुभवी सिस्टर आहे, ते हॉस्पिटल मला बरं वाटतं, इमारत जुनी असली तरी. आणि तुझ्या घरच्यांना आत्ताच बजावून ठेव, बाहेर बसून डॉक्टरांना घाई करायची नाही.

घाईवरून सांगते, कारण इथे मलाही पुन्हा शिकावं लागलं. आम्हाला शिकवलं होतं, कळा सुरू झाल्या की गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलं पाहिजे. कागदावर आलेख काढायचा, त्यावर एक तिरपी रेघ, आणि बाई रेघेच्या मागे पडली की आमची धावपळ सुरू. तो हिशोब १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या बायकांवरून बांधलेला होता. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की तासाला एक सेंटीमीटर ही अपेक्षा कित्येक निरोगी बायकांच्या बाबतीत चुकीची आहे आणि तेवढ्यावरून मध्ये पडू नये. खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटीमीटरनंतर धरायच्या. त्याआधीचा काळ किती चालेल याचं माप नाही. त्यानंतरही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत. बाळाचे ठोके ठीक आहेत आणि आई ठीक आहे, तर थांबणं हाही उपचार आहे. जुन्या रेघेवर बोट ठेवून मी किती बायांना “तुझं पुढे सरकत नाहीये” असं म्हटलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. कळांत ओरडणाऱ्या बाईवर मी खेकसलेही आहे. तुझ्यावर कुणी खेकसलं तर ती तुझी चूक नसेल, हे आत्ताच लक्षात ठेव.

कळांच्या वेळी आडवं पडून राहायची सक्ती नको. चाल, पलंगाला धरून वाक, कुशीवर हो, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभी राहा. सरसकट चीर देणं, एनिमा, केस काढणं यांची गरज नाही असं आता स्पष्ट सांगितलं जातं. पोटावर दोन्ही हातांनी दाब देऊन बाळ ढकलू नये असंही. हे शेवटचं अजून काही ठिकाणी चालतं, म्हणून आधीच विचारून घे.

आणि दुखणं. एपिड्युरल, म्हणजे कमरेत बारीक नळी घालून कळांची वेदना कमी करणं, घेतलं तर प्रसूती ‘नैसर्गिक’ राहणार नाही असं व्हिडिओत सांगतात. आजच्या अभ्यासांत त्यामुळे सीझर वाढत नाही असं दिसतं. जोर लावायचा काळ थोडा लांबतो, पाय जड होतात. हवं तर घे, नको तर घेऊ नकोस. आधीच “मी घेणारच नाही” अशी शपथ मात्र घालून घेऊ नकोस. सतराव्या तासाची कळ तू अजून पाहिलेली नाहीस.

पुढे कदाचित तुला सांगतील, “पाणी कमी आहे, कळा आणूया,” किंवा “तारीख उलटली.” ठरल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच, त्यामुळे तारीख उलटण्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ४१ आठवडे पूर्ण झाल्यावरही थांबून राहायचं नसतं, तेव्हा वारेचं काम मंदावू शकतं. कळा आणण्याचा सल्ला तेव्हा योग्य असतो. सलाईन लावून कळा आणल्या की शेवट सीझरमध्येच होतो, हा समजही तितकासा खरा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून जास्त पहिलटकरणींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एकोणचाळिसाव्या आठवड्याला कळा आणलेल्या बायकांत सीझर १८.६ टक्के झालं आणि वाट पाहिलेल्यांत २२.२. तिथली लेबर रूम आणि आपली यात फरक आहे. तिथे कळा लागायला भरपूर वेळ दिला होता, आपल्याकडे सकाळी औषध देऊन संध्याकाळी “लागू पडलं नाही” म्हणतात. म्हणून सल्ला आला तर विचार, “किती तास वाट बघाल?” आणि “पाणी कमी” म्हटलं तर सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी किती सेंटीमीटर आलं, तो आकडा विचार. पाचाच्या खाली आणि आठ यात फार अंतर आहे.

असा कुठलाही निर्णय पुढे आला की चारच गोष्टी विचारायच्या: हे कशासाठी, आत्ताच का, थांबलो तर काय होईल, दुसरं काही करता येईल का. आणि त्याआधी एक, “डॉक्टर, विचार करायला आपल्याकडे दहा मिनिटं आहेत का?” “आहेत” म्हणाल्या तर ती दहा मिनिटं नवऱ्याशी बोल. “नाहीत” म्हणाल्या तर सही कर आणि स्ट्रेचरवर चढ. वार पिशवीच्या तोंडावर असणं, बाळ आडवं असणं, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणं, ठोके पडून वर न येणं, या वेळी सीझरच आईला आणि बाळाला वाचवतं. माझी थोरली तशीच झाली. वीस तासांच्या कळा, मग ठोके उतरले, आणि पंचवीस मिनिटांत ती माझ्या कुशीत होती. धाकट्याच्या वेळी टाक्यांवर लक्ष ठेवून वाट पाहिली आणि तो खालून झाला. सीझरनंतर अशी वाट बघण्याजोग्या बायकांत शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना ते जमतं. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास, म्हणून ते थिएटर असलेल्या हॉस्पिटलातच. थोरलीच्या वेळी भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, “नॉर्मल नाही झालं का?” माझ्या मुलीत किंवा माझ्यात काय नॉर्मल नव्हतं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी तो शब्द वापरणं सोडलं. ‘खालून झालं’ किंवा ‘सीझर झालं’ म्हणते.

तरीही पहिलं सीझर गरज नसताना होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक सीझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. दुसरं-तिसरं मूल मनात असेल तर हे आत्ताच मोजायला हवं.

सासूबाईंच्या मुहूर्ताबद्दल फार लिहीत नाही. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी बाळ काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, फुप्फुसं शेवटच्या आठवड्यांत तयार होत असतात. हे तुझ्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंना ऐकव. त्यांना सोबत घेऊन जा. सीझर खरोखर ठरलं आणि ३९ आठवडे उलटून गेले, तर मंगळवारऐवजी बुधवार घेतल्याने काही बिघडत नाही. तेवढा त्यांचा मान राहू दे.

मैत्रिणीच्या घरच्या प्रसूतीबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. नेदरलँड्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये घरी प्रसूती होते, तेव्हा दारात शिकलेली, परवाना असलेली मिडवाइफ असते, तिच्या बॅगेत औषधं असतात, आणि तिच्या एका फोनवर हॉस्पिटल बाई घ्यायला तयार असतं. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ मध्ये नर्सना मिडवाइफचं खास प्रशिक्षण द्यायचं ठरवलं, काम सुरू आहे, पण घोडबंदर रोडवरच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला ती व्यवस्था आज नाही. बाळ झाल्यावर पिशवी आकसली नाही तर रक्त नळ सोडल्यासारखं जातं. आपल्या देशात आया दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण आजही तेच रक्त जाणं आहे. धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते, आणि कुणाला तसं होईल हे आधी सांगता येत नाही. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या. केरळनंतर देशात सगळ्यात कमी. हा आकडा इथवर खाली आला तो बायका घर सोडून दवाखान्यात आल्या म्हणून.

म्हणून एक गोष्ट तुझ्याकडून हक्काने मागते. बाकी काहीही नाकार, पण बाळ बाहेर आल्याबरोबर पिशवी आकसायचं जे इंजेक्शन देतात, ऑक्सिटोसिनचं, ते नाकारू नकोस. ‘नैसर्गिक’च्या नादात काही जणी ते नको म्हणतात. त्याने तुझी प्रसूती कमी नैसर्गिक होणार नाही, पण रक्तस्राव खूप कमी होईल. नाळ मात्र एक ते तीन मिनिटं थांबून कापायला सांग, बाळाला वारेतलं रक्त आणि लोह मिळतं. बाळ लगेच छातीवर घे आणि पहिल्या तासात दूध दे. सीझर झालं तरी हे बहुतेक वेळा जमतं, आधी सांगून ठेवलं तर.

माहेरी जायचं का? आईचा हात डोक्यावर असण्याचं मोल मी जाणते. पण चिपळूणला जायचं असेल तर हेच सगळे प्रश्न तिथल्या डॉक्टरांना विचार, फोनवर नव्हे, समोर बसून. आणि चौतिसाव्या आठवड्याच्या आत जा. नवव्या महिन्यात मुंबई-गोवा रस्त्याने गाडीतून जायचं आणि अनोळखी डॉक्टरसमोर पहिल्यांदा कळा घेऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही. मला विचारशील तर आईला इकडे बोलाव. डिंकाचे लाडू कासारवडवलीतही वळता येतात.

तोवर रोज अर्धा तास चाल, आठवड्याला दीडशे मिनिटं झाली की पुरे. रविवारी उपवनला जा, हवा बरी असते. झोपताना कुशीवर, पाठीवर नको. पस्तिसाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा योनीमार्गाच्या तोंडाशी साध्या तेलाने हलकं मालिश कर, पहिलटकरणीत चीर पडायचं प्रमाण त्याने कमी होतं. पद्धत सिस्टरकडून समजून घे. तूप खाऊन बाळ सटकन बाहेर येत नाही, वाट वेगळी आहे. तूप पोळीला लावून आवडीने खा. एरंडेल मात्र कुणी कितीही सांगो, पिऊ नकोस.

आणि तुझा रस्ता. पुस्तकात लिहितात, कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर येत राहिल्या की निघा. पुस्तक लिहिणाऱ्याने कापूरबावडीचा सिग्नल संध्याकाळी सातला पाहिलेला नसतो. पुढच्या दोन आठवड्यांत नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलपर्यंत तीन वेळा जाऊन बघ: सकाळी नऊला, संध्याकाळी सातला आणि रात्री. जो सगळ्यात मोठा आकडा येईल तेवढं आधी निघायचं. पाणी गेलं, विशेषतः हिरवट. लाल रक्त गेलं. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारलं. किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर कळा मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. रात्रीचे तीन असले तरी. हॉस्पिटलने “काही नाही, जा घरी” म्हणून परत पाठवलं तर तो हेलपाटा वाया गेला असं समजू नकोस.

राहिलं नवरा की आई. कुणीतरी सतत जवळ असलं की बायका जास्त करून खालून बाळंत होतात आणि सीझर कमी लागतं. पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून हे दिसलंय, आणि इतकं साधं, बिनपैशाचं औषध दुसरं मला माहीत नाही. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांतही सोबतीला माणूस ठेवायला परवानगी आहे. जिथे एका खोलीत अनेक बायका असतात तिथे बाईमाणूस लागतं, स्वतंत्र खोली असेल तर नवरा चालतो. तेव्हा आधी हॉस्पिटलचा नियम विचार, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. मग त्या दोघांकडे बघ. तुला ताप आला की कोण शांत राहतं? तुझी आई तुझ्या किंचाळण्याने हंबरडा फोडणार असेल तर तिला बाहेर गरम पाण्याचा थर्मास सांभाळू दे. नवऱ्याला रक्त बघून भोवळ येत असेल तर त्याला रक्तपेढीच्या आणि बिलाच्या कामाला लाव. ते कामही मोठं आहे.

पण नवऱ्यालाच न्यायचं ठरलं तर निर्णयाच्या वेळी विचारायच्या त्या चार गोष्टी त्याला पाठ हव्यात. कळ आली की तुला बोलता येणार नाही, तुझ्या वतीने त्यालाच विचारावं लागेल. पुढच्या तपासणीला त्याला घेऊन जा आणि वेटिंग रूममध्ये मोबाइल बघत बसू देऊ नकोस. डॉक्टरांच्या समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर त्याला बसव, आणि पहिला प्रश्न त्याला विचारू दे.